एक्केचाळीस पावलं

धम्मपाल पगारे डोंबिवलीच्या एमआयडीसीत, रंगाच्या एका कारखान्यात फिटर होता. आठवड्याचे सहा दिवस पाइप, पंप आणि व्हॉल्व्ह यांच्यात जायचे. सातव्या दिवशी, रविवारी, तो खडवलीच्या पुढे भातसा नदीच्या काठावरच्या एका पडक्या गढीवर जायचा. पावसाळ्याचे अडीच-तीन महिने सोडले तर एकोणीस वर्षं त्याने हा नेम चुकवला नाही. त्याची बायको कांता या एकोणीस वर्षांत एकदाही तिकडे फिरकली नव्हती.

गढीला धड नावही नव्हतं. शेजारच्या कोंडपाड्यातली माणसं तिला जकातीची गढी म्हणत. फार पूर्वी नदीतून कल्याण बंदराकडे लाकूड जायचं, त्यावर इथे जकात घ्यायचे, असं म्हातारे सांगत. खरंखोटं कोणालाच माहीत नव्हतं. तिथे सरकारी पाटी नव्हती. काळ्या दगडाचे चार बुरूज, त्यातले तीन अर्धे ढासळलेले. चौथा, नदीकडचा, तेवढा शाबूत आणि सगळ्यांत मोठा. मधे पाण्याचं टाकं. बाकी सगळी घाणेरी आणि करवंदीची जाळी.

धम्मपाल तिथे जाऊन मापं घ्यायचा. तीस मीटरची टेप, वही आणि पेन्सिल. कोंडपाड्यातला काळुराम नावाचा शेतकरी टेपचं दुसरं टोक धरायचा. त्याचं शेत गढीला लागूनच होतं. संध्याकाळी हातांवर काट्यांचे ओरखडे घेऊन धम्मपाल घरी यायचा, अंघोळ करायचा आणि बाहेरच्या खोलीत जमिनीवर आलेखाचा मोठा कागद पसरून त्या मापांवरून नकाशा काढत बसायचा. त्याला कोणी हे काम सांगितलेलं नव्हतं आणि पुढे कोणी विचारणारही नव्हतं.

कांता घरात पाळणाघर चालवायची. नोकरीवर जाणाऱ्या आयांची आठ-नऊ पोरं सकाळी सातपासून तिच्याकडे असायची. रविवार हा घर शांत असण्याचा एकच दिवस, आणि त्या दिवशी नवरा दगडांकडे. सुरुवातीला ती चिडायची, मग बोलेनाशी झाली. लेक अमृता नववीत असताना एका रविवारी कांताच्या भावाच्या घरची गृहप्रवेशाची बुद्धवंदना होती आणि धम्मपाल तिथेही आला नाही, तेव्हा तिने एकदाचं विचारून टाकलं.

"तिथे आपलं कोण होतं हो? राजाची गढी ती. आपल्या माणसांना दाराच्या आत तरी घेत होते का?"

धम्मपाल रागावला नाही. त्याने वही उघडून तिच्यापुढे धरली. पानभर बारीक चित्रं होती: एक मासा, एक शिडी, दोन त्रिकोण, एक विंचू.

"या दगडांवरच्या खुणा आहेत," तो म्हणाला. "राजा काय दगड घडवायला आलेला? ज्याने घडवला त्याला लिहिता येत नव्हतं. आपण किती दगड केले ते कळावं म्हणून त्याने खूण कोरली. हा मासावाला एक माणूस, हा शिडीवाला दुसरा. मी आत्तापर्यंत त्रेसष्ट माणसं शोधलीयेत."

हजार वर्षांपूर्वी मेलेली त्रेसष्ट माणसं याला सापडली आणि घरातली एक सापडली नाही, असं कांताच्या मनात आलं. ती पोळ्या करायला उठून गेली.

दोन वर्षांपूर्वी, मार्च महिन्यात, ती पाळणाघरातल्या पोरांना वरणभात भरवत असताना कारखान्यातून फोन आला. पाइपाचा एक जोड सुटून कॉस्टिक सोड्याचं पाणी उडालं होतं, ते सरळ धम्मपालच्या तोंडावर. डोळे धुवायचा नळ चार पावलांवर होता, पण त्या दिवशी त्याला पाणी नव्हतं. सोबतच्या माणसांनी पिण्याच्या बाटल्या ओतल्या. कांता इस्पितळात पोचली तेव्हा त्याचे दोन्ही डोळे उकडलेल्या अंड्यासारखे पांढरे दिसत होते. दोन ऑपरेशनं झाली. दुसऱ्यानंतर डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं की आता आणखी काही करण्यात अर्थ नाही. धम्मपाल तेव्हा त्रेपन्न वर्षांचा होता.

घरी आणल्यावर पहिले काही महिने तो गॅलरीतल्या खुर्चीत बसून असायचा. हात मांडीवर, तोंड रस्त्याकडे. जेव म्हटलं की जेवायचा. हळूहळू कांताने त्याला घर पुन्हा शिकवलं. उजवीकडे स्टूल आहे. पुढे उंबरा आहे. डाळ गरम आहे, थांबा जरा. आधी तो तिचं बोलणं हाताने चाचपून बघायचा, मग बघेनासा झाला. ती पायरी म्हणाली की पाय उचलायचा. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. इतकं जवळून ती दोघं पूर्वी कधी राहिली नव्हती, आणि या गोष्टीचं आपल्याला कुठेतरी बरं वाटतं हे जाणवून कांताला स्वतःची लाजही वाटायची.

गढीचं नाव त्याने दहा महिने काढलं नाही. नकाशांच्या गुंडाळ्या तिने कपाटावर ठेवून दिल्या होत्या. जानेवारीत एके दिवशी सकाळी चहा पिता पिता तो म्हणाला, "कांता, मला एकदा गढीवर नेशील?"

अमृताला हे पटलं नाही. ती लग्न होऊन घोडबंदर रोडला राहायची, तिथून फोनवर तिने बरंच समजावलं. बाबांना दिसणार काहीच नाही, उगाच त्रास होईल, पडलेबिडले तर काय करशील. कांताने ऐकून घेतलं. पोरांच्या आयांना दोन दिवस आधी सांगून तिने बुधवारी पाळणाघर बंद ठेवलं आणि दोघं निघाली.

खडवलीला उतरून रिक्षा केली. वाटेत कुठे वळण, कुठे देऊळ, कुठे वडाचं झाड, हे तो रिक्षावाल्याच्या आधी सांगत होता. शेवटच्या टप्प्यात रिक्षा फार आदळायला लागली, तेव्हा त्याने पुढची दांडी धरली.

"ही वाट अशी नव्हती," तो म्हणाला.

डंपर जातात रेतीचे, रिक्षावाल्याने सांगितलं.

गढीच्या दरवाज्याशी कांता पहिल्यांदा उभी राहिली आणि तिला काय वाटावं तेच कळेना. एवढी वर्षं मनात धरलेली सवत समोर यावी आणि ती म्हातारी, फाटकी निघावी तसं झालं. दोन दगडी खांब, वरची तुळई पडलेली, आत झुडपं, वेफर्सची पाकिटं, दारूच्या बाटल्या. पण धम्मपालने खांबावर हात ठेवला आणि त्याचा चेहरा बदलला. दहा महिन्यांत पहिल्यांदाच त्या चेहऱ्यामागे कोणीतरी जागं आहे असं तिला दिसलं. काठी पुढे टाकत, आकडे पुटपुटत तो तिच्या पुढे चालायला लागला. बारा पावलं, मग एक पायरी, मग डावीकडे. पायरी खरंच तिथे होती.

"इथे डाव्या हाताला वीरगळ," तो म्हणाला. "माझ्या कमरेएवढा. खाली लढाई कोरलीय, वर तो मेलेला माणूस बसलाय. दिसला?"

डाव्या हाताला खड्डा होता. चौकोनी, कडेने पहारीचे घाव, तळाशी काचा. कोणीतरी अख्खा दगड मुळासकट उचलून नेलेला. कांताने खड्ड्याकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"दिसला," ती म्हणाली.

"वरचा कोपरा उडालाय त्याचा."

"हो, उडालाय."

त्याने हात पुढे केला तशी ती घाईने म्हणाली, "नका हात लावू, गांधीलमाश्यांचं पोळं आहे."

"दरवर्षी करतात मेल्या," तो म्हणाला आणि चक्क हसला. त्या हसण्याने तिला हलकं वाटलं, आणि तिने दंड धरून त्याला खड्ड्यापासून पुढे नेलं.

टाकं होतं. त्यात हिरवं पाणीही होतं, आणि हे एक तरी खरं सांगता येतंय म्हणून तिने त्याचं नको तेवढं वर्णन केलं. दोघं टाक्याच्या कडेला बसली, डब्यातली भाकरी आणि मेथीची भाजी खाल्ली. वारा नदीकडून येत होता. तो बोलत होता. कोणत्या वर्षी कुठली भिंत मोजली, काळुरामला साप कुठे दिसला होता, नदीकडच्या बुरजावरच्या एकट्या एका थरात सतरा खुणा कशा सापडल्या. कांता ऐकत होती. हे सगळं तो पूर्वीही सांगायचा, तेव्हा तिने ऐकलेलं नव्हतं.

"आता इथून नदीकडचा बुरूज," तो उठत म्हणाला. "टाक्याच्या या कोपऱ्यापासून नाकासमोर एक्केचाळीस पावलं. दिसतो ना?"

समोर उंच वाढलेली घाणेरी होती आणि तिच्यामागे नुसतं आभाळ. झुडपांच्या आड असेल, कांताला वाटलं. झाला असेल लहान, पडला असेल थोडा. तिने बसल्या जागेवरूनच सांगितलं, "दिसतो."

"हात नको धरूस. एवढं मला एकट्याला जाऊ दे."

तिने डबा आवरायला घेतला. तो मोठ्याने मोजत निघाला. एक, दोन, तीन. पाठ ताठ, काठी नावाला टेकत. पायवाट त्याच्या ओळखीची होती आणि पुढे बुरूज आहे असं बायकोने सांगितलेलं होतं. तो पंधरापर्यंत गेला तेव्हा तीही उठली आणि मागोमाग चालायला लागली. घाणेरीच्या जाळीत वाट गेली होती. तो आत शिरला. एकवीस, बावीस. जाळीच्या फटीतून कांताला झुडपाची मुळं दिसली. ती मातीत नव्हती. हवेत लोंबत होती. त्यांच्यापुढे लाल मातीची एक ओली भेग, आणि भेगेपलीकडे, खूप खाली, नदी.

ती किंचाळली आणि धावली. किंचाळी ऐकून तो थांबला, पण पाऊल आधीच उचललेलं होतं. तिने एका हाताने कॉलर आणि दुसऱ्याने पट्टा धरून सगळ्या अंगाने त्याला मागे ओढलं. शर्टाची बटणं तुटली. दोघं पाठीवर काट्यांत पडली. काठी त्याच्या हातातून सुटली. ती कुठेच आपटल्याचा आवाज आला नाही, आणि मग बऱ्याच वेळाने खालून पाण्याचा आवाज आला.

धम्मपाल तो आवाज ऐकत पडून राहिला. मग त्याने हळूच विचारलं, "किती गेलं?"

"सगळा बुरूज गेलाय," कांता म्हणाली.

"वीरगळ?"

"तिथे खड्डा आहे."

"मग आहे असं का म्हणालीस?"

त्याचा चेहरा, ते हसणं, हे सगळं सांगण्यासारखं होतं, पण काट्यांत पडून, कड्याच्या दोन हात अलीकडे, ते तिच्या तोंडून निघेना.

"तू आहे म्हणालीस की मला दिसतं," धम्मपाल म्हणाला. त्याचा आवाज जराही चढला नव्हता. "नाही म्हणालीस की दिसत नाही. दुसरं काय आहे माझ्याकडे? आता मी कशावर चालू?"

किंचाळी ऐकून शेतातून काळुराम पळत आला. सत्तरी गाठलेला, काटकुळा माणूस. धम्मपालला त्याने लगेच ओळखलं. दोघांना त्याने हात देऊन टाक्यापाशी आणलं, पाणी पाजलं. मग धम्मपालने विचारलं आणि त्याने सांगितलं. धम्मपालचं येणं बंद झालं त्याच उन्हाळ्यात नदीचा काठ पोकलेनने खणायला लागले. आधी रेती नेली, मग बुरजाचे घडीव दगड सुटायला लागले तसे तेही ट्रॅक्टरमधून कोणाच्या तरी फार्महाउसच्या कंपाउंडला गेले. वीरगळही तिकडेच. गेल्या भादव्यात नदी फुगली आणि उरलेला बुरूज एका दुपारी बसल्यासारखा पाण्यात गेला.

"मला फोन का नाही केलास?"

"केला व्हता. तुमचे पोरीनी उचलला. डोळं गेलं बोलली. मंग कंच्या तोंडानी सांगू?"

काळुराम हातातली काडी मोडत बसला, मग खाली बघून म्हणाला, "पगारेभाऊ, डंपरला वाट माझेच शेतातून दिली. मीनीच दिली. नाय दिली असती तर रात्री येऊन बांध फोडला असता, पन दिली ती मीनीच."

कांताला वाटलं आता हा काहीतरी बोलेल. एकोणीस वर्षं ज्याने टेपचं टोक धरलं त्याला शिव्या तरी देईल. धम्मपालने फक्त हात पुढे केला आणि म्हणाला, "मला रस्त्यापर्यंत सोड." तो काळुरामच्या खांद्यावर हात ठेवून गेला. कांता मागून डब्याची पिशवी घेऊन चालत राहिली.

त्यानंतर घरात भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर बरं, असं कांताला वाटायचं. पायरी आहे, ती सांगायची, आणि तो थांबून अंगठ्याने पायरी शोधायचा. डाळ गरम नाही, ती सांगायची, आणि तो बोट बुडवून बघायचा. औषधाच्या गोळीचा रंग तिने सांगितल्यावर शेजारच्या जोशीकाकूंना हाक मारून पुन्हा विचारायचा. इस्पितळातल्या दिवसांतही ती इतकी रडली नव्हती. पण ती रडतेय हेही तो आता हाताने चाचपल्याशिवाय खरं धरणार नाही असं वाटून तिने रडणंही थांबवलं.

मार्चमधल्या एका रविवारी कांता बहिणीकडे जाते असं खोटंच सांगून निघाली आणि रेल्वेच्या जिन्यावरून परत फिरली. घरी येऊन म्हणाली, "बहिणीकडे नाही चालले. गढीवर चाललेय. टेप घेऊन."

तिने कपाटावरची टेप आणि वही घेतली.

काळुरामने टोक धरलं. तिला मापं घेता येत नव्हती. काळुरामनेच टेप कशी ताणायची ते दाखवलं. टाक्याच्या कोपऱ्यापासून कड्यापर्यंत सदुसष्ट फूट भरले. उत्तरेच्या भिंतीचे जेवढे दगड तिला झुडपं बाजूला करून दिसले तेवढे तिने बघितले. संध्याकाळी हातांवर ओरखडे घेऊन ती घरी आली, धम्मपालच्या समोर बसली आणि वही वाचून दाखवली. तो तोंड फिरवून बसला होता. मग मधेच त्याने विचारलं, उत्तरेच्या भिंतीला खालून तिसऱ्या थरात शिडीची खूण आहे का.

"तिसरा थर मातीखाली गेलाय," कांता म्हणाली. "मी बघितलं नाही. माहीत नाही."

"पुढे वाच," तो म्हणाला.

ती दर पंधरा दिवसांनी जायला लागली. बरं असं सांगायला फारसं काही नसायचं. जे असेल ते ती सांगायची. अमृताने नकाशे आणि वह्या स्कॅन केल्या, मराठीत एक अर्ज टाइप केला आणि पुरातत्त्व खात्याला पाठवला. चार महिन्यांनी उत्तर आलं की सदर वास्तू संरक्षित यादीत नाही. धम्मपालने ते पत्र दोनदा वाचून घेतलं आणि फाइलला लावायला सांगितलं. त्या भादव्यात पूर्वेचा बुरूजही गेला. कांताने नदीच्या पुलावरून पाहिलं होतं, घरी येऊन उंबऱ्यातच सांगितलं. किती वाजता, किती दगड वर राहिले, पाण्याचा रंग कसा होता, तो विचारत गेला आणि ती सांगत गेली. जेवायला उठताना त्याने तिचा दंड धरला. अंगठ्याने जमीन मात्र तो अजूनही चाचपतो. ते काही सुटलं नाही.

या डिसेंबरात ती गेली तर वाटेवर लोखंडी गेट होतं आणि दोन्ही बाजूंना हिरवे पत्रे. जमीन विकली गेली होती, काळुरामचं शेतही त्यात होतं. तो टिटवाळ्याला लेकीकडे राहायला गेला, असं रखवालदाराने सांगितलं. त्याने तिला आत सोडलं नाही. पत्र्याच्या फटीतून बघायचा तिने प्रयत्न केला, पण पलीकडे माती टाकून जमीन सारखी केलेली होती. ती तशीच परतली.

धम्मपाल गॅलरीत बसला होता. तिने सगळं सांगितलं, गेटसकट, पत्र्यांसकट. टाकं दिसलं का, त्याने विचारलं. नाही दिसलं, ती म्हणाली, बुजवलं असेल, पण मी पाहिलं नाही.

खाली रस्त्यावर भाजीवाल्याची गाडी उभी होती. धम्मपालने तोंड तिकडे केलं. मग म्हणाला, "कांता, तुझे केस पांढरे झालेत का गं?"

"झालेत," ती म्हणाली. "अर्ध्याहून जास्त. पुढचे तर सगळेच."

"आणि माझे?"

"तुमचेही."

त्याने मान हलवली आणि तिला बसायला बाजूची खुर्ची हाताने ओढून दिली.